डाव्या कानाची सोयरीक

"काकू, तुम्ही या बाजूला बसा ना, तिकडे ऊन लागेल," असं म्हणत मी टांग्याच्या मागच्या बैठकीवर सरकत सरकत पार डाव्या टोकाला जाऊन बसले.

माघातली सकाळ होती. विजापुरात त्या दिवसांत उन्हात बसायला कुणीही आनंदाने तयार झालं असतं. टांगेवाल्या महबूबचाचांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बैठो अम्मा बैठो, घोडा कबसे खडाय." बगाडेकाकू पदर सावरत चढल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि माझ्या उजव्या हाताला बसल्या. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सातव्या वर्षी गालगुंड झालं, ते उतरलं आणि जाताजाता डावा कान घेऊन गेलं. उजवा शाबूत आहे. बोलणाऱ्याला उजवीकडे ठेवायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, एवढं केलं की माझं निभत असे. पण लग्नाच्या बाजारात एवढ्यावर निभत नाही. सोलापूरच्या स्थळाला अप्पांनी आधीच खरं काय ते सांगून टाकलं. आठ दिवसांत कार्ड आलं, 'पत्रिका जुळत नाही.' अक्कलकोटच्या स्थळालाही सांगितलं. तिथेही ग्रहांनी ऐन वेळी दगा दिला. मला तेविसावं लागलं तेव्हा आईने अप्पांना बजावलं, "या खेपेला हरिश्चंद्र होऊ नका. अक्षता पडू देत, मग सांगायचं ते सांगा. आणि प्रमे, तू त्यांना उजव्या अंगाला ठेव म्हणजे झालं."

आता हे लपवणं एवढं सोपं कसं, असं कुणी विचारेल. तर आमच्याकडे मुलगी बघायची एक ठरलेली रीत होती. तिला अंगणातून चालत यायला लावायचे, म्हणजे पाय कळायचा. पेपरातल्या चार ओळी वाचायला लावायचे, म्हणजे वाचा कळायची. आणि आम्ही पडलो शिंपी, त्यामुळे सुईत दोरा ओवायला लावायचे, म्हणजे नजर कळायची. कान तपासायची रीतच नव्हती. सुनेने ऐकायचं असतं हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की तिला ऐकू येतं का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

त्या दिवशी सकाळी मी चालले, वाचलं, एका झटक्यात दोरा ओवला. बार्शीहून दोघंच आले होते. मुलगा मुरलीधर शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. वडील लहानपणीच गेलेले. घरात कर्ते आजोबा, पण त्यांचे गुडघे धरल्यामुळे त्यांनी सुनेला पाठवलं होतं. ती सून म्हणजे या बगाडेकाकू. बारीक अंगाच्या, स्वच्छ धुतलेल्या नऊवारीतल्या, आणि आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा पुढे वाकावं लागावं. बोलताना पदराचं टोक तोंडाजवळ. देवाने माझ्यासाठी सासू शोधताना अगदी निवडून काढली होती.

पोहे झाल्यावर त्या आईच्या कानाशी काहीतरी बोलल्या. आई हसली आणि अप्पांना म्हणाली, "वहिनी म्हणताहेत, एवढं भाडं खर्चून आलोय तर गोल घुमट बघूनच जाऊ. दोन्ही कामं एकाच तिकिटात."

आईने मला दाराआड गाठलं. "उजवीकडे," ती म्हणाली, आणि पुरण वाटायला निघून गेली.

*

आमचे अप्पा विजापूर दाखवायला लागले की बघावं. त्यांचं दुकान बाजारात, गळ्यात टेप, आणि आदिलशाही त्यांनी सगळी वारात मोजलेली. मुलूखमैदान तोफेपाशी आम्ही उतरलो तर ते मुरलीधरना सांगत होते, "या तोफेला झबलं शिवायचं म्हटलं तर पंचवीस वार कापड लागेल. तोंडाला काज-बटण वेगळं." मुरलीधर हसत नव्हते. ते तोफेच्या तोंडावर कोरलेला सिंह वहीत उतरवत होते. मुलगी बघायला आलेला मुलगा सकाळपासून सिंह, कमानी आणि मनोरे बघत होता. मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं. जो बघत नाही त्याला काही दिसत नाही.

अप्पा रंगात आले होते. तोफेशेजारच्या हौदाकडे हात करून म्हणाले, "आणि वहिनी, हा हौद कशाला माहितीय का? तोफेला बत्ती दिली रे दिली, की गोलंदाज या पाण्यात बुडी मारायचा. कारण आवाज असा मोठा, की बाहेर राहिला तर तो जन्माचा..."

आणि अप्पा थांबले. त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे निघालो होतो ते.

काकूंनी विचारलं. काय विचारलं ते त्यांच्या ओठांवरून कळलं. "जन्माचा काय?"

"जन्माचा... म्हणजे..." अप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जन्माचा उकडायचा की हो. उष्णता किती! म्हणून पाणी."

मुरलीधरनी वहीतून मान वर करून अप्पांकडे नवलाने बघितलं. मी सिंहाच्या दातांकडे बघत उभी राहिले. माझे अप्पा आयुष्यात गिऱ्हाइकाशी अर्धा इंच कापडाचं खोटं बोलले नव्हते, आणि आज माझ्यापायी त्या गोलंदाजाला उकडत होतं.

तिथून इब्राहिम रोझा. मुरलीधर पुन्हा वही काढून बसले, अप्पा महबूबचाचांबरोबर तंबाखू मळायला गेले आणि पायरीवर काकू आणि मी दोघीच उरलो. मी झटकन त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि अख्खी त्यांच्याकडे वळले.

त्या बोलू लागल्या. आधी तुटक, मग सरसावून. माहेरच्या तुरीच्या शेताबद्दल. बहिणीबद्दल, जी बाळंतपणात गेली. मुरलीधरनी लहानपणी दुकानातल्या पांढऱ्या लट्ठ्याच्या ताग्यावर कोळशाने हत्ती काढला होता आणि आजोबांनी त्यांना दिवसभर कोंडून ठेवलं होतं, त्याबद्दल. मी डोळ्यांची पापणी न लवता त्यांच्या ओठांकडे बघत होते. चारातले तीन शब्द हाती लागत, चौथा मी जुळवून घेत होते. वाऱ्याने पदर तोंडावर आला की माझा धीर सुटायचा. मी हात पुढे करून तो पदर हळूच बाजूला करायचे. दोनदा केलं तसं. दुसऱ्यांदा काकू बोलायच्या थांबल्या आणि माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

मला वाटलं, संपलं. ओळखलं यांनी.

पण त्यांनी माझा हात नुसता थोपटला, आणि पुन्हा हत्तीच्या गोष्टीवर गेल्या.

*

गोल घुमटाला पोचेतो तीन वाजले. अप्पांनी आत कबरीच्या चौथऱ्यापाशीच बसकण मारली. "माझ्या गुडघ्याची शिवण उसवलीय. तुम्ही जाऊन या की वर," ते म्हणाले. खरं तर त्यांना आणखी एखाद्या गोलंदाजाला सामोरं जायचं नव्हतं.

कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना अरुंद, पायऱ्या गुडघाभर उंच. पुढे मुरलीधर, मध्ये काकू, मागे मी. सात मजले. काकूंना धाप लागत होती, मी त्यांच्या कमरेला हात देत होते, आणि त्या मधूनच पुढे तोंड ठेवून काहीतरी बोलत होत्या, ते जिन्यातच विरून जात होतं. मी "हो काकू, हो काकू" म्हणत चढले. कशाकशाला हो म्हणाले देव जाणे.

वर घुमटाच्या आतल्या अंगाने गोल फिरणारा सज्जा आहे. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा, आणि कठड्याखाली नुसती पोकळी. मधोमध खाली अप्पांची टोपी बटणाएवढी दिसत होती. इथे बोललेला शब्द सात वेळा घुमतो असं म्हणतात, आणि भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर थेट समोरच्या टोकाला ऐकू येतं. मी विजापुरात जन्मले, पण कानाचं झाल्यापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ज्या जागेची सगळी ख्याती कानाची, तिथे मी काय करणार होते?

मुरलीधर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलले. "तुम्ही इथेच बसा. आम्ही दोघं पलीकडे जातो. भिंतीला कान लावा." सिंह, कमानी सगळं मागे पडून त्यांच्या तोंडावर शाळेतल्या पोराचा उत्साह आला होता.

मी खाली बसले आणि अर्थातच उजवा कान भिंतीला लावला.

समोर, बोटभर दिसणाऱ्या मुरलीधरनी वहीतला कागद टर्रकन फाडला. तो माझ्या कानात फाटला. मी दचकून हसले. मग त्यांचा आवाज आला, "आई, आता तू बोल."

"अगं बाई, मी काय बोलू?"

मी ताठ बसले. सकाळपासून ज्या आवाजामागे मी धावत होते, तो आवाज भिंतीतून आख्खा माझ्या कानात आला होता. एकही अक्षर सांडलं नव्हतं. छान आवाज होता तो, जरासा घोगरा.

"मुरली, तू जरा तिकडं हो बघू," काकू म्हणाल्या. मुरलीधर कठड्याकडे सरकलेले मला दिसले. "पोरी, ऐकू येतंय का गं?"

"हो काकू," मी भिंतीला सांगितलं.

"तोंडावर बोलायला लाज वाटते म्हणून इथनं सांगते. सकाळधरनं मीच बडबडतेय. पण तू जसं ऐकत होतीस ना... सगळी वळून, तोंडाकडं बघत. पदर आडवा आला तर तो बाजूला केलास. माझ्या बोलण्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं गं आजवर. आमच्या घरात मी बोलले काय, नाही बोलले काय. आज मला वाटलं, माझ्या बोलण्यालाही काही मोल आहे. मुरलीचं मुरली बघेल. मामंजींना काय सांगायचं ते मी बघेन. माझं ठरलं. तू माझ्या घरी ये."

दुसरी कुणी असती तर आनंदाने रडली असती. मीही रडलेच, पण आनंदाने नाही.

ठरलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. आई घरी पुरण वाटत होती ते याच शब्दासाठी. पण ही बाई मला घरात घेत होती ती माझ्या ऐकण्यामुळे! मी ज्याला चोरी म्हणत होते त्याला ती माया समजली होती. उद्या त्यांच्या घरात त्या माझ्या डाव्या बाजूने येतील, काहीतरी मनातलं सांगतील, आणि मी भाजी निवडत तशीच बसून राहीन. त्यांना वाटेल, हीसुद्धा तसलीच निघाली. हे मला सोसवेना. लग्न मोडलेलं सोसवलं असतं.

मी तोंड भिंतीकडे नेलं. आणि नेमकी तेव्हाच एका शाळेची सहल जिन्यातून सज्ज्यात घुसली. पन्नास-साठ पोरं, एकच गिल्ला! हाळ्या, शिट्ट्या, कुत्र्यामांजरांचे आवाज, आणि प्रत्येकाचे सात-सात. मला माझं स्वतःचंच बोलणं कळेना. मी आवाज चढवला. आणखी चढवला. त्याच क्षणाला पहारेकऱ्याने जोरात शिट्टी फुंकली, आणि सगळी पोरं एका दमात चिडीचूप झाली.

त्या शांततेत माझं वाक्य सुटलं.

"काकू, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही!"

ऐकू येत नाही... ऐकू येत नाही... ऐकू येत नाही...

घुमट ते वाक्य घेऊन फिरायला लागला. माझ्या डोक्यावरून गेलं, पोरांच्या डोक्यावरून गेलं, खाली कबरीपर्यंत उतरलं आणि पुन्हा वर आलं. ज्या गोष्टीसाठी आईने दाराआड उभं राहून कुजबुज केली होती, ती आदिलशहाच्या घुमटाने सात वेळा दवंडी पिटून सांगितली. खाली अप्पा उठून उभे राहिलेले दिसले. पोरांत कुणीतरी फिसकन हसलं. "मी तोंडाकडं बघते ते त्याच्यासाठी," मी रडत रडत आणखी म्हणाले, पण ते घुमलं की नाही मला आठवत नाही. मी गुडघ्यात तोंड घातलं.

पोरांचा गिल्ला पुन्हा सुरू झाला. मग पोरं एकाएकी पुन्हा गप्प झाली म्हणून मी मान वर केली.

समोर काकू उभ्या राहिल्या होत्या. भिंतीपाशी नाही, कठड्यापाशी. त्यांनी तोंडावरचा पदर काढला, कमरेला खोचला, दोन्ही हात कठड्यावर टेकवले आणि असा आवाज काढला, की मुरलीधर दोन पावलं मागे सरले.

"मग मी मोठ्यानं बोलेन!"

मोठ्यानं बोलेन... मोठ्यानं बोलेन... मोठ्यानं बोलेन...

पहारेकरी धावत आला. "ओ बाई, ओरडू नका, मोठी माणसं असून!" काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या वर घुमटाकडे बघत होत्या, आपलाच आवाज परतून येताना ऐकत होत्या, शेवटचा येऊन विझेपर्यंत. मग माझ्याकडे बघून हसल्या.

*

खाली अप्पा हात जोडूनच उभे होते. "वहिनी, चुकलं आमचं. मुलीचा दोष नाही यात. आम्हीच..."

"तुम्ही आधी सांगितलं असतंत," काकू म्हणाल्या, आणि आता त्यांचा घसा बसला होता, "तर खरं सांगते, पत्रिका जुळत नाही म्हणून मीच कळवलं असतं. त्यामुळं तुम्ही नाही सांगितलंत ते बरं झालं. आणि तिनं सांगितलं ते त्याहून बरं झालं."

अप्पांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली. मुरलीधर माझ्यापाशी आले. जरा घुटमळले, मग माझ्या डावीकडून उजवीकडे गेले आणि म्हणाले, "हौदाचं मला आता कळलं. उकडायचा, म्हणे!" आणि मग दोघांनाही जे हसू लोटलं, ते टांग्यात बसेपर्यंत थांबेना. घरी आईने पुरणपोळी वाढली तेव्हा तिला आम्ही का हसतोय ते कुणीच सांगितलं नाही.

आजोबांना काकूंनी काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मला कधी कळलं नाही. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. 'मुलीच्या कानाची हकीकत समजली. सोयरीक पसंत आहे.' अक्षर मुरलीधरचं, खाली आजोबांची सही.

वैशाखात लग्न झालं. बार्शीचं आमचं घर लांबट, रस्त्याकडे दुकान, मध्ये माजघर, मागे चूल. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले आणि बघते तर तिथे सगळा कारभार खुणांनी चाललेला. चुलतसासूबाई भांडं उचलून दाखवायच्या, जाऊ मान हलवायची. कुणी बोललंच तर ओठांतल्या ओठांत. मी मुरलीधरना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आजोबांचा नियम आहे. बाईचा आवाज दुकानात ऐकू येता कामा नये. आई नवी नवरी म्हणून आली तेव्हा एकदा मोठ्यानं हसली होती. आजोबांनी तिचं ताट भिंतीकडे तोंड करून मांडायला लावलं, महिनाभर. त्यानंतर सत्तावीस वर्षांत तिचा आवाज आम्ही घरातल्यांनीसुद्धा नीट ऐकला नव्हता. घुमटात मी घाबरलो होतो तो उगाच नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आत्या, म्हणजे काकूंना मी आता आत्या म्हणत होते, चुलीपाशी उभ्या होतो. त्या माझ्या उजवीकडे, हाताच्या अंतरावर. चहाचं आधण ठेवलेलं. कुजबुजल्या असत्या तरी मला ऐकू आलं असतं, आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या,

"प्रमिला! दूध आण गं!"

चुलतसासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. दुकानातली शिलाईयंत्रं एकामागून एक थांबली. मग माजघर ओलांडून आजोबांचा खणखणीत आवाज आला, "आत कोण ओरडतंय? कुणाचा आवाज तो?"

घरात कुणी हलेना. मी दुधाचं पातेलं छातीशी धरून उभी होते. आत्या माजघराच्या दारापर्यंत चालत गेल्या.

"माझा आहे, मामंजी," त्या म्हणाल्या, आणि तेसुद्धा मोठ्यानेच म्हणाल्या.